पावण्यास्नी विचार

आप्पा माणसांना अरे-तुरे करायचे आणि कुत्र्याला अहो-जाहो. गावचा सरपंच असो, बँकेचा मॅनेजर असो की स्वतःचा जावई, सगळ्यांना एकच मान, "काय रं." कुत्र्याला मात्र, "पावणं, जरा सरा की. पाय पडंल कुणाचा." कुत्र्याचं नावच पावणं. एका उन्हाळ्यात ते पिल्लू त्यांच्या अंगणात शिरलं. आप्पांनी "पावणं, पाणी घ्या" म्हणून वाटी पुढं ठेवली आणि पावणं परत गेलंच नाही.

उचगावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही सहा वर्षं भाड्यानं राहिलो. आप्पा मूळचे हुपरीचे. चांदीच्या पैंजणांचे सांधे जोडण्यात त्यांचा जन्म गेला होता. आगीशी काम, त्यामुळं दहाही बोटांची टोकं भाजून, चिरून खडबडीत झालेली. बायको वारलेली, मुलगी हुपरीतच दिलेली. खाली ते आणि पावणं, दोघंच. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. पूजा झाली की उरलेल्या विभूतीचं एक बोट कुत्र्याच्या कपाळावर. कुत्रं काळं कुळकुळीत. त्या पांढऱ्या ठिपक्यासह ते दिवसभर गल्लीत फिरायचं.

मी दूध तपासायच्या प्रयोगशाळेत काम करतो. फॅट तीन पूर्णांक सहा असेल तर मी तीन पूर्णांक सहाच म्हणतो, "साडेतीनच्या वर" म्हणत नाही. म्हणून हेही नेमकं सांगतो. मला कुत्र्याची भीती वाटते. दातांची कमी, लाळेची जास्त.

मलकापूरच्या पुढं आमचं गाव. मी नऊ वर्षांचा असताना मला कुत्रं पोटरीला चावलं. तेव्हा बेंबीभोवती चौदा सुया घ्याव्या लागत. मी चौदाही घेतल्या. त्याच महिन्यात शेजारच्या काकांना एक एवढंसं पिल्लू चावलं होतं. ओरखडा होता, त्यांनी कुणाला दाखवला नाही. दीड महिन्यानं त्यांना गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं. मी दाराच्या फटीतून बघितलं. काकूंनी तांब्याभर पाणी आणलं होतं. काकांना तहान लागली होती, ते पाणी मागतही होते, आणि तांब्या जवळ आला की भिंतीत शिरायला बघत होते. मग ओठांच्या कडेनं लाळ. मी पुढं बघितलं नाही. बघितलं तेवढं चाळीस वर्षं पुरलं.

अशा माणसानं कुत्रं असलेल्या घरात भाड्यानं राहू नये. पण घर कामापासून बारा मिनिटांवर, पाणी रोज दोन तास, वर स्वच्छ ऊन. मी घर बघायला गेलो तेव्हा आप्पा पायरीवर बसून राहिले.

"मला काय इचारू नको," ते म्हणाले. "पावण्यास्नी विचार. त्यास्नी पटला तर ऱ्हा."

पावणं आलं आणि माझे पाय हुंगायला लागलं. आधी बूट, मग पोटऱ्या, त्यातही नेमकी चावलेली पोटरी, मग गुडघे. ओलं नाक पँटीतून कळत होतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभा राहिलो. अडीच मिनिटं. माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

"हालला न्हाईस," आप्पा खूष होऊन म्हणाले. "कुत्र्याची आवड दिसतीया."

मी हललो नाही कारण हलता येत नव्हतं. पण "होय" म्हणालो. पुढं जे झालं ते त्या एका "होय"मुळं.

पावण्याच्या खोड्या सांगायच्या तर वही पुरणार नाही. ते चपला पळवायचं, पण चावायचं नाही. पाण्याच्या टाकीमागं नेऊन नीट ठेवायचं. पहिल्या वर्षी माझी चप्पल अकरा वेळा गेली, त्यात दहा वेळा डावी. मी आप्पांना हा आकडा सांगितला. ते म्हणाले, "उजवी ठेवत्यात न्हवं? मग?" खाली कुकर लावला की तिसऱ्या शिट्टीला पावणं मान वर करून असं रडायचं की गल्लीत कुणी गेलंय असं वाटावं. आप्पा शिट्ट्या मोजत नसत. पावणं रडलं की गॅस बंद. आंघोळीची बादली भरायचा आवाज आला की ते गायब, आणि सापडून आंघोळ झालीच तर दोन मिनिटांत अंगणातल्या राखेत लोळून पुन्हा होतं तसं. समोरच्या घरातले मास्तर रोज सकाळी दूध आणायला बाहेर पडायचे आणि रोज सकाळी ते त्यांच्यावर भुंकायचं, जणू आजच गल्लीत आले. आणि एकदा भरदिवसा एकानं अंगणातला गॅसचा सिलिंडर खांद्यावर टाकून नेला, तेव्हा हे शेपूट हलवत कोपऱ्यापर्यंत त्याच्याबरोबर गेलं.

"पोचवायला गेलते," आप्पा म्हणाले. "सोता पावणं म्हणून आल्यात. दुसऱ्या पावण्याला कसं आडवत्याल?"

मला या सगळ्याचं हसू यायचं, पण वर आमच्या घरात, दार लावल्यावर. कारण त्याची सगळ्यात मोठी खोड माझ्या वाट्याला आली होती. ते जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर आडवं झोपायचं. डोकं एका कठड्याला, शेपूट दुसऱ्याला. ओलांडल्याशिवाय वाट नाही. माझी बायको सरळ ओलांडून जायची. मला पाय उचलता येत नसे. खाली तोंड, तोंडात जीभ, जिभेवर लाळ.

आप्पांना सांगायचं तर "होय" म्हणालेलो. मग मी तोड काढली. आमच्याकडं रविवारी मटण. तिसऱ्या रविवारी मी एक हाड कागदात गुंडाळून जिन्याच्या वरूनच टाकीमागं फेकलं. पावणं उठून गेलं. मी भराभरा उतरलो.

आठवड्याचे दिवस सात आणि मटण एकदा. म्हणून मी हाडं डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायला लागलो. अर्ध्या किलोत बेताची आठ-नऊ हाडं निघतात. रोजचं एक, वर एखादं जास्तीचं. श्रावणात मटण बंद, म्हणून आषाढात मटण दुप्पट आणि जास्तीची हाडं बर्फाच्या कप्प्यात.

"अहो, माणसं तिथं आइस्क्रीम ठेवत्यात," बायको म्हणायची. "आणि आप्पांना कळलं म्हंजे?"

तोच तर प्रश्न होता. आम्ही घरात मटण शिजवायला आप्पांची हरकत नव्हती. "तुमच्यात चालतंय, खावा," एवढंच ते म्हणाले होते. पण पावणं त्यांच्यातलं. त्याला सकाळी दूध-भाकरी, संध्याकाळी दही-भात. आल्या-गेल्याला ते अभिमानानं सांगायचे, "आमच्यात ऱ्हात्यात म्हटल्यावर आमचंच खानार. आजवर मटनाला तोंड लावलं न्हाई." मी शेजारी उभा असायचो. एकदा तर पावणंही शेजारी होतं, मिश्या चाटत.

आप्पा रोज चार वाजता वर चहाला यायचे. पावणं त्यांच्या मागून यायचं आणि सुट्टीला मी घरी असलो की दारात बसून माझ्याकडं बघत राहायचं, लाळ गाळत. उद्याच्या हाडाची आठवण. आप्पा म्हणायचे, "बघ, तुझ्यावर कसा जीव हाय त्यांचा." मी बशी हातात घट्ट धरायचो.

असं चार वर्षं चाललं.

चौथं वर्ष संपता संपता, ऊसतोडीच्या दिवसांत, एक पिसाळलेलं कुत्रं गल्लीतून गेलं. दोन वासरांना चावलं, मग लोकांनी ते मारलं. आमच्या पावण्याला ते भिडलं का, कुणी बघितलं नाही. त्याच्या कानाला जखम मात्र होती. आप्पा म्हणाले बाभळीचा काटा. त्यानंतर पाच आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी, मी डबा उघडला. आदल्या रविवारी मटण आणलं नव्हतं, त्यामुळं एकच हाड उरलं होतं. फासळीचा बोटभर लांब, चपटा तुकडा. मी तो फेकला आणि कामावर गेलो.

संध्याकाळी आलो तेव्हा पावणं पायरीवर नव्हतं. आप्पांच्या खाटेखाली, कोपऱ्यात तोंड करून बसलं होतं. तोंड अर्धवट उघडं, मिटत नव्हतं. खालच्या ओठावरून लाळेची तार फरशीपर्यंत. आप्पांनी पाण्याची वाटी पुढं केली. ते वाटीपाशी आलं, जीभ बाहेर काढली आणि झटक्यात मागं सरून खाटेच्या पायावर आपटलं.

मी तिथं उभा राहिलो नाही. वर जाऊन हात धुतले. मी कशालाही हात लावला नव्हता तरी धुतले.

मंगळवारी सकाळी फाटकाबाहेर सात-आठ जण जमले. दोघांच्या हातात काठ्या. समोरचे मास्तर म्हणाले, "आप्पा, लहान पोरं हायत गल्लीत. सांजच्याला काय ते करा, न्हाईतर आमाला करावं लागंल."

"पावण्यास्नी हात लावायचा न्हाई," आप्पा आतून ओरडले. "दात दुखतोय त्यांचा."

मी जिन्याच्या चौथ्या पायरीवरून खिडकीतून आत बघितलं. आप्पा फरशीवर बसले होते. कुत्र्याचं डोकं मांडीवर. उघड्या हातानं ते लाळ पुसत होते, त्या चिरलेल्या बोटांनी, आणि तेच बोट धोतराला.

"आप्पा, त्याच्या लशीचं कार्ड कुठाय?"

कार्ड देव्हाऱ्याच्या फळीवर होतं. त्यांनी ते खिडकीतून दिलं. दर वर्षी एकाच महिन्यात लस. या वर्षीची जागा कोरी. चार महिने उलटून गेले होते. त्या महिन्यात आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

"आप्पा, हात धुवा आणि चला. तुम्हाला सुई घ्यायला पाहिजे."

"मी सुई घेतली तर त्यास्नी काय वाटंल? चार दिस तोंड दुखायला न्हाई तवर मालकानं संशेव घ्यावा व्हय?"

"त्याला काय कळतंय?"

"तुला काय कळतंय?" आप्पा म्हणाले आणि पुन्हा लाळ पुसली.

मी वर गेलो. बायको दारातच होती. "सांगून टाका हाडाचं," ती म्हणाली. "अडकलं असंल घशात."

ते रात्रीपासून माझ्याही मनात होतं. हाड अडकलं तरी तोंड मिटत नाही, लाळ गळते, पाणी पिता येत नाही. पण पिसाळलं तरी तेच होतं. मी सांगितलं असतं तर आप्पांनी त्याच क्षणी तोंडात हात घातला असता. आयुष्यभर चिमट्यानं बारीक कड्या उचललेला माणूस, त्यांना कोण थांबवणार? आणि हाड नसलं तर? नाही सांगितलं तर संध्याकाळी काठ्या. दोन्हीकडं जीव जात होता, एकीकडं माणसाचा, एकीकडं कुत्र्याचा. हे कारण खरं आहे. पण सगळं खरं सांगायचं तर निम्मं कारण हेच होतं, की आप्पांना तोंड दाखवायची मला भीती वाटत होती.

मी खाली आलो. या खेपेला आप्पांच्या दारात गेलो. कुत्र्यापासून सहा फुटांवर.

"आप्पा, हे कशानं झालंय ते मला ठाऊक असेल. पण आधी तुम्ही सुई घ्यायची. मग सांगतो."

त्यांनी मान वर केली. "आत्ता सांग."

"नाही."

"त्यांचा जीव चाललाय आन तू सौदा करतोस व्हय रं?"

"होय. सौदाच."

आप्पांनी कुत्र्याचं डोकं हळूच पोत्यावर ठेवलं, "पावणं, आलोच," म्हणाले आणि उठले. दाराला कुलूप लावून किल्ली माझ्या बायकोकडं दिली. मी त्यांना नळाखाली हात धरायला लावले आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणानं धुवायला लावले. पंधरा म्हणजे पंधरा. बाराव्या मिनिटाला त्यांनी मला शिवी दिली.

सरकारी दवाखान्यात गर्दी होती. आप्पांनी बाही वर केली, सुया घेतल्या, पुढच्या तारखांचा कागद खिशात घातला आणि बाहेर स्कूटरपाशी येऊन उभे राहिले.

"आता बोल."

मी सांगितलं. फासळीचा तुकडा. सोमवारी सकाळी. टाकीमागं.

"मटनाचं?"

"होय."

"एकदाच?"

"रोज एक. रविवारी कधी दोन. चार वर्षं. आम्ही गावाला गेलो ते दिवस सोडून."

आप्पा स्कूटरच्या सीटवर हात टेकून उभे राहिले. "कशापायी?"

"मला भीती वाटते. कुत्र्याची. पहिल्यापासून."

"मग येऊन सांगायचं की रं."

"तुम्ही घर दिलं नसतं."

"न्हाईच दिलं नसतं," ते म्हणाले. रस्त्यावरून दोन बस गेल्या. "आन पावणं रोज माझ्याकडं येऊन भाकरी बी खायाचे. पोट भरल्यालं आसताना. मला वाईट वाटू न्हाई म्हणून."

आप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मी म्हणालो, "हात डोळ्याला लावू नका." त्यांनी ऐकलं.

जनावरांच्या डॉक्टरीण बाई माझ्या ओळखीच्या. दूध तपासणीच्या निमित्तानं गाठ पडायची. मी फोन केला आणि त्या तीन वाजता आल्या, कोपरापर्यंत हातमोजे, काठीला दोरीचा फास. आप्पांना त्यांनी खोलीबाहेर थांबायला सांगितलं. आप्पा खिडकीच्या गजांना धरून उभे राहिले आणि आतल्या कुत्र्याला सारखं सांगत होते, "पावणं, बाई हायत. दांडगावा करायचा न्हाई." फाटकाबाहेर मास्तर आणि काठ्यावाले. मी जिन्यात, कठडा धरून.

गुंगीची सुई लागायला नऊ मिनिटं लागली. बाईंनी दोरीनं जबडा उघडला, बॅटरी मारली, आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. तेवढ्या वेळात मला काकांच्या खोलीतला तांब्या दिसला, भिंत दिसली.

"टाळूला आडवं बसलंय," बाई म्हणाल्या. "दोन्ही दाढांत पाचर मारल्यागत."

चिमट्यानं त्यांनी ते ओढून काढलं आणि स्टीलच्या ताटलीत टाकलं. मी ओळखलं. आप्पांनीही गजांमधून बघितलं. त्यांनी ते माझ्या घरातलं हाड आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं होतं. मास्तरांनी काठ्यावाल्यांना जायची खूण केली.

बाईंनी जाताना सांगितलं, हाड निघालं म्हणजे दुसरं काही नाहीच असं मी लिहून देणार नाही. दहा दिवस बांधून लक्ष ठेवा. दहाव्या दिवशी कुत्रं ठणठणीत असलं तर निश्चिंत व्हा. आप्पांच्या सुयांचं दवाखान्यात विचारा.

ते दहा दिवस कसे गेले ते मी आणि आप्पा जाणोत. रोज सकाळी मी खिडकीतून बघायचो, पाणी पितंय का. आप्पा न विचारता सांगायचे, "प्याले." चौथ्या दिवशी सांगितलं नाही. मी कामावर गेलो आणि दिवसभरात दोन नमुन्यांचं फॅट चुकीचं लिहिलं. तसं माझ्या हातून कधी झालेलं नाही. संध्याकाळी कळलं, आप्पांना उठायला उशीर झाला होता.

दहावा दिवस गेला. कुत्रं ठणठणीत.

अकराव्या दिवशी जिना उतरलो तर पावणं पायरीवर नव्हतं. अंगणाच्या पार टोकाला, पेरूच्या झाडाला साखळीनं बांधलेलं होतं. साखळी नवी. डॉक्टरीण बाईंचे दहा दिवस ते खोलीत दोरीला होतं, पण साखळी त्याच्या गळ्यात कधी पडली नव्हती.

"आता जा बिनघोर," आप्पा खाटेवरून म्हणाले. रागानं नाही. वाट मोकळी केल्यासारखं.

जिना मोकळा झाला. फ्रीजमधला डबा मोकळा झाला. मला हवं ते चार वर्षांनी मिळालं होतं. पण पावणं कुकरच्या शिट्टीला रडेना. मास्तर दूध घेऊन समोरून गेले तरी भुंकेना. मास्तरच एकदा थांबले आणि फाटकावरून म्हणाले, "काय ओ पावणं, वळख सोडली व्हय?" चार वाजता आप्पा वर येत नव्हते. बायको दोनदा चहा घेऊन खाली गेली. आप्पांनी प्यायला, कप धुऊन दिला आणि "कशाला त्रास" म्हणाले. आप्पा कुणाला "कशाला त्रास" म्हणणाऱ्यातले नव्हते.

हाड निघाल्यापासून सव्विसाव्या दिवशी मी कामावरून आलो, स्कूटर लावली आणि जिन्याकडं जायच्या ऐवजी पेरूकडं गेलो. हे मी ठरवून केलं नाही. सहा फुटांवर थांबलो. मग चार. पावणं उठलं. साखळी ताणली. मी त्याच्यासमोर खाली बसलो.

साखळीची कडी गळ्याच्या पट्ट्याखाली होती. तिथं हात घालायचा म्हणजे तोंडाखालून. कुत्र्याचा श्वास मनगटावर आला, गरम, आणि मग ओलं काहीतरी लागलं. लाळ होती. मी हात मागं घेतला, पँटीला पुसला, आणि पुन्हा घातला. कडी घट्ट होती. अंगठ्यानं दाबली तरी सरकेना. घाम डोळ्यांत जात होता. आप्पा खिडकीत येऊन उभे आहेत हे मला कळत होतं. ते येऊन कडी काढून देतील म्हणून मी वाट बघितली. ते आले नाहीत.

"आप्पा," मी म्हणालो, "निघत नाही."

"घाई करू नको," आप्पा खिडकीतून म्हणाले. "थांबल्यात ते."